मुक्काम गोंदिया

कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस एक दिवसाहून अधिक वेळ धावते आणि गोंदियाला येऊन संपते. तिचा सगळा मार्ग महाराष्ट्राच्या हद्दीतला. तरीही जिल्हा परिषदेत, पोलीस दलात, तलाठी म्हणून किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्यांदा येणारी सांगली-सोलापूरची, नगर-बीडची मुलं-मुली गोंदियाच्या फलाटावर उतरतात, तेव्हा आपण राज्याबाहेर आलो की काय, असं त्यांना वाटतं. गोरेलाल चौकातला भाजीवाला हिंदीत भाव सांगतो. शेजारची आजी घरात पोवारी बोलते, तालुक्याच्या गावात झाडीबोली कानावर पडते, सालेकसा-देवरीकडे गेलं की गोंडी आणि छत्तीसगढी. ज्वारीची भाकर शोधावी लागते, कारण हा धानाचा मुलूख आहे. सकाळ पोह्यांवर ओतलेल्या चण्याच्या तर्रीनं सुरू होते. बालाघाट नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. आणि १९५६पर्यंत हा सगळा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती, हे शाळेत कुणी नीट सांगितलेलं नसतं.

पहिले काही आठवडे खोली शोधणं, डबा लावणं, गॅसची सोय, मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या उन्हात कूलरचं पाणी भरणं, यात जातात. मग माणूस रुळतो, किंवा रुळत नाही. कोण रुळतो आणि कोण नाही, हे त्याच्या स्वभावावर ठरतं, अशी आपली समजूत असते: मनमिळाऊ असेल तर जमतं, नसेल तर जमत नाही. मला ही समजूत पटत नाही. २०११च्या जनगणनेनुसार १,३२,८१३ वस्तीचं हे शहर आणि त्याच्या भोवतीचा जिल्हा पिढ्यान् पिढ्या आलेल्या माणसांनीच घडवलेला आहे. त्यातले काही इथले झाले, काही पन्नास वर्षं राहूनही अर्धेच इथले राहिले, आणि काही रोज येतात आणि संध्याकाळी निघून जातात. हा फरक स्वभावाचा नाही. इथे मुक्काम करणं त्यांना शक्य होतं का आणि त्या मुक्कामाला कागदावर किती आधार मिळाला, याचा हा फरक आहे.

सर्वांत आधीचे कोण, हा प्रश्न इथे फार सावधपणे विचारावा लागतो. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज येतो, ते आपल्या मूळ स्थानी म्हणून. बाकी बहुतेक सगळे नंतरचे. आज ज्यांना आपण या मातीतले शेतकरी म्हणतो, त्या पोवारांची परंपरा सांगते की ते माळव्यातून नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले. कोहळी समाजाबद्दल रसेल आणि हिरालाल यांनी १९१६च्या आपल्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरील ग्रंथात नोंदवलेली दंतकथा अशी, की चांद्याच्या गोंड राजानं त्यांना काशीहून आणलं. दंतकथा खरी असो वा नसो, कोहळ्यांनी केलेलं काम डोळ्यांसमोर आहे. भंडारा-गोंदियाचे हजारो तलाव हे मुख्यतः त्यांच्या हातचे. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात.

तलाव बांधणारा माणूस परका राहू शकत नाही, हे त्या रचनेतच आहे. डोंगराच्या दोन बाजूंना जोडणारी मातीची पाळ घातली की वरच्या अंगाला पाणी साचतं आणि खालच्या अंगाला धानाच्या बांध्या ओलिताखाली येतात. तुडुमातून, म्हणजे पाळीखालच्या दारातून, पाणी किती आणि कुणाला सोडायचं हे गावानं ठरवावं लागतं. पाळ फुटू नये म्हणून पावसाळ्याआधी सगळ्यांना माती टाकावी लागते. तलावातली मासेमारी ढिवरांची, शिंगाडा त्यांचाच. म्हणजे बाहेरून आलेल्यानं केलेली एक गुंतवणूक गावातल्या सात-आठ जातींना रोज एकमेकांशी बोलायला लावते. त्या बोलण्यात समानता नव्हती, मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, वर आणि कसणारा खाली अशीच ती रचना होती. पण पाणी ज्याच्या हाती होतं त्यालाही गावाशिवाय एक पावसाळा काढता आला नसता. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पाळीवर माती टाकण्याची ती सक्तीही सुटली. अनेक तलाव गाळानं भरण्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

गोंदिया शहर मात्र तलावानं नाही, रुळांनी घडवलं. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे इथून गेली. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि हावड्याच्या वाटेला जोडली. १९०३ ते १९०५च्या दरम्यान सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारा अडीच फुटी अरुंद मार्ग गोंदियाहून निघाला, पुढे दक्षिणेला नागभीड-चांद्याकडचा. चार दिशांची गाडी जिथे बदलावी लागते तिथे बाजार बसणारच. मारवाडी आले, कच्छी आले, गुजराती आले, रेल्वेबरोबर तेलुगू आणि बंगाली नोकरदार आले. १९४७नंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं आली. भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. जंगलात तेंदूपत्ता होता, तो गोळा करणारे हात आदिवासींचे होते, तंबाखू बाहेरून यायची, आणि विडी वळली जायची गावोगावच्या घरांत, बहुतेक बायकांच्या हातून.

या विडीच्या धंद्याकडे मी कौतुकानं पाहत नाही. दिवसभर वळलेल्या विड्यांतून छाट म्हणून किती बाजूला काढायच्या हे मालकाचा माणूस ठरवायचा, आणि त्या छाटेची मजुरी बाईच्या पदरी पडत नसे. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा यायला १९६६ उजाडावं लागलं. तरीही आपल्या प्रश्नापुरती एक गोष्ट इथे दिसते. व्यापारी गुजरातहून आलेला असला तरी त्याचा पैसा गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर अवलंबून होता, आणि त्यामुळे त्याला इथली भाषा, इथले सण, इथलं राजकारण शिकणं भाग होतं. विडी व्यवसायातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेलांनी १९५८मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. नटवरलाल माणिकलाल दलाल या गुजराती नावाच्या महाविद्यालयात आज पोवार, कुणबी, बौद्ध, ढिवर, गोंड घरांतली मुलं शिकून बाहेर पडतात. जिल्ह्यात कुणाला ते नाव परकं वाटत नाही. तिसऱ्या पिढीतल्या सिंधी दुकानदाराला तुम्ही कुठले, असं विचारलं तर तो गोंदियाचाच म्हणून सांगतो. त्याच्या दुकानाचा परवाना, घराची मालमत्ता, मतदार यादीतलं नाव आणि मुलांची शाळा सगळं इथलंच आहे, तेव्हा दुसरं उत्तर येणार कुठून?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात हे उत्तर इतकं सोपं राहत नाही.

इटियाडोह धरणाच्या परिसरात, प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला, १९७२मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत बसवली गेली. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी वसाहत. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, तरी तिबेटी प्रशासनाच्या कागदांत ती अजून भंडारा नोर्ग्येलिंग म्हणूनच ओळखली जाते. बर्फाच्या पठारावरची माणसं सागाच्या जंगलात, विदर्भाच्या उन्हात येऊन धानाची आणि मक्याची शेती शिकली. पावसाळा शेतीचा, थंडी जवळ आली की स्वेटर-शालींचे गठ्ठे घेऊन शहरोशहरी जायचं आणि हंगाम संपला की परतायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम बसला. नागपूरच्या रस्त्यावर तिबेटी बाईकडून स्वेटर घेतलेल्या किती जणांना ती शेतकरी आहे आणि आपल्याच राज्यातल्या एका गावात तिचं घर आहे, हे माहीत असेल? प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे, आणि थोड्या अंतरावर बौद्ध विहाराच्या पताका वाऱ्यावर असतात. शेतात मजूर शेजारच्या गावांतले, बाजार एकच, एसटी एकच. रोजच्या व्यवहारात परकेपणा उरलेला नाही.

परकेपणा उरला आहे तो कागदात. वसाहतीची जमीन त्यांच्या मालकीची नाही. केंद्राच्या २०१४च्या तिबेटी पुनर्वसन धोरणानं राज्य सरकारांना सांगितलं, की अशा जमिनींचे २० वर्षांपर्यंतचे भाडेपट्टे करून द्या आणि कल्याणकारी योजनांचा लाभ या लोकांना मिळू द्या. चांगलं पाऊल होतं ते, पण ते टाकायला वसाहत बसल्यावर चार दशकं लागली, आणि तेही धोरण म्हणून, हक्क म्हणून नाही. इथे जन्मलेली व्यक्तीही परदेशी नागरिक म्हणून नोंदणी प्रमाणपत्र बाळगते आणि मुदत संपली की नव्यानं करून घेते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले लोक कायद्यानं भारतीय नागरिक ठरतात, आणि हे तिबेटींनाही लागू आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१०मध्ये नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पण १९८७नंतर जन्मलेल्यांचं काय? आणि ज्यांना नागरिकत्व मिळू शकतं त्यांच्यातलेही बरेच ते घेत नाहीत, कारण निर्वासित राहणं हा त्यांच्या देशावरच्या हक्काचा पुरावा आहे. या भावनेचा आदर केलाच पाहिजे. मात्र त्या आदराआड लपून राज्यानं जमिनीचा, घराचा, कर्जाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवणं मला मान्य नाही. नागरिकत्व न घेताही माणसाला घराच्या भिंतीची खात्री देता येते.

युरोपातलं एक छोटं गाव इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. १९६३मध्ये स्वित्झर्लंडच्या सरकारनं एक हजार तिबेटी निर्वासितांना घ्यायचं ठरवलं. झुरिक प्रांतात विंटरथूर शहराजवळच्या खोऱ्यात रिकॉन नावाचं गाव आहे. तिथे कूह्न कुटुंबाचा पातेली आणि प्रेशर कुकर बनवण्याचा कारखाना आहे. १९६४मध्ये या कारखान्यानं तिबेटी कुटुंबांना काम दिलं आणि कामाबरोबर राहायला घरं दिली. काही काळानं मालकांच्या लक्षात आलं, की पगार आणि घर मिळूनही ही माणसं आतून हरवत चालली आहेत. म्हाताऱ्यांना बोलायला कुणी नाही, मुलं घरची भाषा विसरत आहेत. मग त्यांनी दलाई लामांच्या सल्ल्यानं गावाच्या वरच्या अंगाला एक तिबेटी विहार आणि अभ्याससंस्था उभी केली. १९६८मध्ये तिचं उद्घाटन झालं, ती आजही चालू आहे.

या दोन वस्त्यांची तुलना करताना घाई करू नये. स्वित्झर्लंडनं एक हजार माणसं घेतली. भारतानं त्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक घेतली, तेही स्वतः धान्याच्या टंचाईत असताना. जमीन दिली, शाळा काढू दिल्या, विहार बांधू दिले, देवाधर्मात ढवळाढवळ केली नाही. रिकॉनच्या मालकांना तीन-चार वर्षांत जे उमगलं ते गोठणगावच्या वसाहतीत पहिल्यापासून होतं. फरक पुढच्या टप्प्यावर पडला. त्या काळच्या स्विस नियमानुसार १२ वर्षं राहिलेला माणूस नागरिकत्वासाठी अर्ज करू शकत होता. वाट लांब आणि कडक होती, स्थानिक समितीसमोर परीक्षा द्यावी लागे, पण वाट होती आणि ती कुठे संपते हे पहिल्या दिवशी ठाऊक होतं. गोठणगावच्या तरुणाला अशी वाट दिसत नाही. त्यामुळे तिबेटी वसाहतींमधली तरुण पिढी परदेशांकडे डोळे लावून बसते, आणि देशभरच्या या वसाहतींत वृद्धांचं प्रमाण वाढत जातं. अर्जुनी मोरगावच्या जंगलात जन्मलेली मुलगी युरोपातल्या एखाद्या लहान शहरात नव्यानं भाषा शिकायला, थंडीत बसची वाट पाहायला तयार होते, ती काही तिथला बर्फ तिच्या पूर्वजांच्या ओळखीचा म्हणून नव्हे.

याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, संजयनगर ही पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. त्यांना नागरिकत्वाची वाट मिळाली, मतदान मिळालं, त्यांचे सरपंच झाले. तरी एक गाठ राहिलीच. बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडणारा नमोशूद्र समाज महाराष्ट्राच्या यादीत नाही, त्यामुळे फाळणीनं देश ओलांडायला लावलेल्या सर्वांत गरीब माणसाचा आरक्षणाचा आधार राज्य बदलल्याबरोबर सुटला. या यादीत समावेशाची मागणी विदर्भातल्या बंगाली वसाहतींनी वर्षानुवर्षं लावून धरली आहे. मासे, धान आणि भाजी यांवर उभं राहिलेलं त्यांचं जगणं कष्टाचं आहे आणि या जिल्ह्याच्या बाजाराला त्यांनी पुष्कळ दिलं आहे. त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे आणि त्यांच्याच तोंडून लिहिलं गेलं पाहिजे.

आता पुन्हा फलाटावर उतरलेल्या त्या तरुण कर्मचाऱ्याकडे येतो, कारण आजच्या गोंदियात नवे म्हणून येणारे सर्वाधिक तेच. १९९९मध्ये जिल्हा झाला तशी कार्यालयं आली; तिरोड्याचा औष्णिक वीज प्रकल्प आला, बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण सुरू झालं, २०१६मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आलं. निर्वासितांना जे मिळायला दशकं लागली ते सगळं यांच्याकडे पहिल्या दिवसापासून असतं: ओळखपत्र, पगार, घरभाडे भत्ता. नसतो तो मुक्काम. नागपूर सुमारे १३० किलोमीटरवर, गाड्या भरपूर. पहिलं पोस्टिंग, मग लग्न, मग मुलाची शाळा, आणि हळूहळू बिऱ्हाड नागपूरला जातं व माणूस अपडाऊन करू लागतो. जे जिल्ह्याच्या ठिकाणी राहतात ते देवरीला, सालेकशाला, अर्जुनीला अपडाऊन करतात. दुपारी चारनंतर तालुक्याच्या कार्यालयात गेलेल्या शेतकऱ्याला साहेब गाडीसाठी निघाल्याचं कळतं. त्याचा अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं वाया जातं.

शासनानं यावर दोन उपाय केले. एक, ६ ऑगस्ट २००२च्या निर्णयानं आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे वरच्या पदाचा पगार, तिथे असेपर्यंत. दुसरा, मुख्यालयी राहण्याची सक्ती, आणि शिक्षक-ग्रामसेवकांकडून त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागणं. पहिल्या उपायातून मिळणारा संदेश असा, की इथे राहणं हा त्रास आहे आणि त्याची भरपाई मिळेल. दुसऱ्यातून असा, की तुम्ही राहणार नाही हे आम्ही गृहीत धरलं आहे, तेव्हा पुरावा आणा. पुरावा मागितला की पुरावे तयार होतात. ठराव होतात, सह्या होतात, आणि खोली कुलूपबंद राहते. मास्तर गावात राहत नाही म्हणून गाव चिडतं, पण त्याच मास्तरला ठराव देताना ग्रामसभा हात वर करते, कारण उद्या त्याच्याशी वैर घेऊन मुलं शिकणार कशी? गाव आणि कर्मचारी दोघांनाही एका खोट्यात भागीदार करणारी ही व्यवस्था आहे, आणि तिचा मला मनापासून राग येतो.

कर्मचाऱ्याला आळशी म्हणून मोकळं होणं मात्र अन्यायाचं ठरेल. जंगलाकडेच्या उपकेंद्रात एकटी राहणारी परिचारिका घ्या. क्वार्टरचा दरवाजा नीट लागत नाही, रात्री वीज जाते, अपरात्री दार वाजलं तर ते बाळंतपणासाठी की दारूच्या नशेत, हे उघडल्याशिवाय कळत नाही. तिला मुक्कामाची सक्ती करणारा आदेश निघतो, पण दाराची कडी बसवणारा आदेश निघायला वर्षं जातात. तालुक्याच्या गावात मुलाला बारावी विज्ञानाला चांगली शिकवणी नाही, रात्री बालरोगतज्ज्ञ नाही, नवरा-बायको दोघं नोकरीत तर बदल्या दोन टोकांना. ही कारणं खरी आहेत.

आणि एक कारण आहे ज्याचा उच्चार कुणी करत नाही. खोली बघायला गेल्यावर घरमालक प्रथम आडनाव विचारतो. आडनावावरून काही कळलं नाही तर गाव, मग देव, मग जेवणात काय चालतं. सिव्हिल लाइन्समध्ये असो, रामनगरात असो की कुडवा-फुलचूरच्या नव्या वस्तीत, बौद्ध किंवा मुस्लिम कर्मचाऱ्याला खोली आधी ‘आहे’ आणि नंतर ‘कालच लागली’ असं होतं. लहान शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. ओळखतात ते पुष्कळदा जातीनं. मोठ्या शहरातला कोरडेपणा काही माणसांना म्हणूनच सोसवतो, नव्हे हवासा वाटतो. गोंदियाची आपुलकी मी अनुभवली आहे आणि ती खोटी नाही: आजारी पडल्यावर शेजारून येणारं पेज-भाताचं ताट, मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेणारा अनोळखी माणूस. पण ती आपुलकी दाराच्या आत घेतलेल्यांसाठी आहे. दाराशी कुणाला थांबवलं जातं, याचा हिशेब मांडल्याशिवाय कुणाला ‘तुम्ही इथे राहत का नाही’ असं विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नव्या माणसाची नोंद शहर कशी घेतं, हे जर्मनीत पाहण्यासारखं आहे. तिथे भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्या प्रत्येकाला, तो परदेशी असो वा जर्मन, दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात आपला पत्ता नोंदवावा लागतो, आणि घरमालकानं तसं लिहून द्यावं लागतं. बँक खातं, करक्रमांक, ग्रंथालयाचं कार्ड, सगळं त्या नोंदीवर चालतं. तिथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या परदेशी माणसासाठी साधारण ६०० तासांचं भाषाशिक्षण आणि १०० तासांची समाज-कायद्याची ओळख, असा अभ्यासक्रम सरकारनं आखला आहे. तिथे गेलेले मराठी तरुण एकटेपणाबद्दल, लवकर बंद होणाऱ्या दुकानांबद्दल, रविवारच्या शुकशुकाटाबद्दल बोलतात, आणि घर मिळवताना परक्या नावाची अडचण त्यांनाही येते. त्या व्यवस्थेतली महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. आयकराचा १५ टक्के वाटा नगरपालिकांना जातो, आणि तो माणूस कुठे काम करतो यावर नाही, कुठे राहतो यावर वाटला जातो. त्यामुळे लहान शहरालाही नवा रहिवासी हवा असतो. काही विद्यापीठ-शहरं विद्यार्थ्यानं आपला मुख्य पत्ता तिथे नोंदवावा म्हणून त्याला रोख रक्कमही देतात.

गोंदिया नगरपरिषदेला नव्या माणसाचं काय पडलेलं असतं? मालमत्ता कर घरमालक भरतो. व्यवसाय कर राज्याच्या तिजोरीत जातो. तो इथे राहिला काय आणि नागपूरला राहिला काय, नगरपरिषदेच्या हिशेबात काडीचा फरक पडत नाही. त्यानं मतदार यादीत नाव घातलं तर नगरसेवकाला तो दिसू लागतो. पण बहुतेकांचं मत मूळ गावीच राहतं, कारण बदली होणारच आहे. म्हणजे वर्षाचे तीनशे दिवस जो माणूस या शहराचं पाणी पितो, रस्ते वापरतो, कचरा टाकतो, त्याला या शहरात आवाज नाही आणि या शहराला त्याची गरज नाही. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क, या शिक्षकांच्या नियमानं तर येण्याच्या दिवशीच जाण्याची तारीख हातात ठेवली आहे.

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी तरुणांना जर्मन शिकवून पाठवण्याची ही योजना. तिचं मी स्वागतच करतो. गोंदियाची मुलगी तिकडच्या रुग्णालयात आत्मविश्वासानं उभी राहिली तर आनंदच आहे. पण परक्या देशातल्या लहान शहरात राहायचं कसं, हे शिकवण्याची तयारी जे राज्य करतं, त्यानं सांगलीच्या शिक्षकाला सालेकशाला पाठवताना गोंडीचे चार शब्द शिकवले आहेत का? मुलं घरी कुठली भाषा बोलतात, धानाची रोवणी केव्हा असते आणि त्या दिवसांत वर्ग रिकामे का होतात, मोहफुलं वेचायला मुलं पहाटे का जातात, हे कुणी सांगितलेलं असतं का? एक आठवड्याचं प्रशिक्षणसुद्धा पुरेल. ते जिल्ह्यातल्याच निवृत्त शिक्षकांनी आणि आशा कार्यकर्त्यांनी द्यावं.

त्याच्या जोडीला दोन-तीन गोष्टी तातडीनं व्हाव्यात. तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी नगरपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या मालकीची भाड्याची घरं हवीत, जिथे खोली अर्जाच्या क्रमानं मिळेल आणि आडनाव विचारलं जाणार नाही. खात्याची क्वार्टर्स पडकी ठेवून घरभाडे भत्ता वाटत बसण्यापेक्षा यात राज्याचा पैसा अधिक कारणी लागेल. उपकेंद्रांतल्या परिचारिका दोघी-दोघी राहू शकतील अशी रचना हवी. व्यवसाय करातला काही वाटा, कर्मचारी जिथे प्रत्यक्ष राहतो त्या स्थानिक संस्थेला मिळावा. मग त्याच्या नळाला पाणी येतं की नाही, याची काळजी नगराध्यक्षालाही वाटेल. आणि गोठणगावच्या वसाहतीचे भाडेपट्टे दीर्घ मुदतीचे करून घराघराच्या नावे द्यावेत, त्यासाठी कुणालाही आपला देश विसरायला न लावता.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणार आहे. तिच्यात माणूस मोजला जातो तो त्याच्या आजोबांच्या गावी नाही, तो राहतो तिथे. २०११च्या आकड्यांवर या जिल्ह्याचे निधी, दवाखान्यातल्या खाटा आणि पाण्याच्या टाक्या ठरत आल्या आहेत. प्रगणक दारी येईल तेव्हा वसतिगृहातल्या डॉक्टर मुलीनं, बिरसीच्या प्रशिक्षणार्थ्यानं, रामनगरातल्या भाड्याच्या खोलीतल्या तलाठ्यानं आपलं राहतं ठिकाण म्हणून गोंदियाच सांगावं, आणि घरमालकांनी आपल्या घरात भाडेकरू आहे हे लपवू नये. नगरपरिषदेनं त्यासाठी आत्तापासून वॉर्डावॉर्डांत, मराठीत आणि हिंदीत, सांगत फिरायला हवं.